वकिलाचे महाड

महाडविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक लेखन दोन तारखांच्या आत मावते: २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७. पहिल्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी, दुसऱ्या दिवशी मनुस्मृतीचे दहन. कविता ह्याच तारखांवर, पथनाट्ये ह्याच तारखांवर, आणि ‘दलित साहित्याची प्रेरणा’ ह्या ठरावीक प्रश्नाचे ठरावीक उत्तरही ह्याच तारखांवर. ह्या दोन दिवसांना चिकटून एक तिसरी गोष्ट उभी आहे. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात एक दावा दाखल झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो संपला. सव्वानऊ वर्षे. साहित्याच्या वर्गात ह्या सव्वानऊ वर्षांची बोळवण एका वाक्यात होते: ‘पुढे न्यायालयानेही तळे खुले केले.’ त्या वाक्यातला ‘ही’ मला फार खटकतो. जणू काम आधीच झाले होते आणि न्यायालयाने मागाहून शिक्का तेवढा मारला.

ही गाळणूक निष्काळजीपणाची नाही, सवयीची आहे. कायद्याच्या क्षेत्रात वावरलेल्या माणसाचे चरित्र कसे सांगायचे ह्याचे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून एकच वळण पडले आहे. काशीनाथ त्र्यंबक तेलंग घ्या. १८७२ साली वकिली, १८८४ साली मुंबईच्या कायदेमंडळावर नियुक्ती, १८८९ साली उच्च न्यायालयाचे न्यायासन, १८९३ साली अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. मध्ये भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतर, राष्ट्रसभेची उभारणी, विद्यापीठाचे कुलगुरुपद. पायऱ्या चढत जाव्यात तसे हे चरित्र चढते, आणि सर्वांत वरच्या पायरीवर ‘न्यायमूर्ती’ हा शब्द असतो. तेलंगांच्या मागून त्याच आसनावर बसलेल्या रानड्यांच्या बाबतीत तर तो शब्द नावाचाच भाग झाला. तेलंग किंवा रानडे ह्यांचे मोठेपण मी कमी करू पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच, की वकील, मग विधिमंडळाचा सभासद, मग न्यायाधीश ही चढण आपण चरित्राचा साचा म्हणून स्वीकारली, आणि ज्याची वकिली ह्या साच्यात बसत नाही त्याच्या वकिलीकडे पाहायचेच सोडून दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्या साच्यात बसत नाहीत. ते बॅरिस्टर होते, १९२३ पासून मुंबईत वकिली करत होते, फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून शपथ घेतली. न्यायासनावर मात्र ते कधी बसले नाहीत. साचा अपुरा पडला, म्हणून आपण त्यांच्यासाठी दुसरा साचा वापरला: बंडखोराचा. बंडखोराच्या चरित्राला दिवस लागतात, वर्षे लागत नाहीत. ओंजळीतले पाणी दिसते, ज्वाळा दिसतात. तारखा, मुदती, अपिले दिसत नाहीत. मग घटनेचा मसुदा करणारा गृहस्थ एकदम १९४७ साली कुठून तरी प्रकट होतो, आणि बंडखोर व घटनाकार ह्या दोघांची सांगड कशी घालायची ह्यावर आपण चर्चासत्रे भरवतो. ही सांगड महाडच्या दाव्यात आधीच घातली गेली आहे. ती वाचायचे कष्ट मात्र घ्यायला हवेत.

दाव्याची पार्श्वभूमी थोडक्यात. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला: सरकारी वा सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला, सरकारी आदेश निघाला, आणि ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात बंद, अशी तीन वर्षे गेली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या उभारणीत दासगाव-लाडवली भागातले रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस अशी माणसे होती. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: तळ्यावर जाणे, वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी उठवलेली हूल, मारहाण, आणि मग पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेची तयारी सुरू झाली, तेव्हा नरहरी दामोदर वैद्य आणि इतर स्पृश्य मंडळींनी न्यायालयात धाव घेतली. दावा स्पृश्यांच्या वतीने अस्पृश्यांविरुद्ध होता. प्रतिवादींत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

आता ज्या निर्णयावरून आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ आहे, तो. २५ डिसेंबरला हजारो माणसे जमली होती, तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. दोन दिवस चर्चा झाली आणि अखेर तळ्यात उतरणे तहकूब झाले. २७ तारखेला तळ्याभोवतीच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली, पाण्याला हात न लावता परतली. ह्या माघारीचे काय करायचे हे आपल्या बंडखोर-चरित्राला कळत नाही. म्हणून कुणी ती झाकतो, मनुस्मृतीच्या ज्वाळांनी ती झाकलीही जाते. कुणी ती कायद्यावरच्या भाबड्या श्रद्धेच्या खाती टाकतो. कुणी उलट तिलाच डोक्यावर घेऊन बाबासाहेबांना ‘सनदशीर’ म्हणून प्रमाणपत्र देतो आणि २० मार्चचे दात काढून घेतो. तिन्ही वाचने चूक आहेत, कारण तिन्ही जणांनी दावा वाचलेला नाही.

दावा काय मागत होता ते पाहा. तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, असे जाहीर व्हावे. आणि अस्पृश्यांना कायमची मनाई व्हावी. दिवाणी न्यायात जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करायचा असतो. १९२७ च्या मार्चमध्ये अस्पृश्य समाज हक्क मागणारा होता. डिसेंबरमध्ये फिर्यादींनी, स्वतःच्या उतावळेपणाने, ते ओझे स्वतःच्या शिरावर घेतले. आता महारांनी आणि चांभारांनी ‘आम्ही माणसे आहोत, आम्हांला पाणी घेण्याचा अधिकार आहे’ हे पटवून देण्याची गरज उरली नव्हती. वैद्य आणि मंडळींनी ‘तुम्हांला मज्जाव करण्याचा आम्हांला अधिकार आहे’ हे पुराव्याने दाखवायचे होते. मनाई हुकूम मोडला असता तर प्रश्न न्यायालयाच्या बेअदबीचा आणि शांततेच्या भंगाचा झाला असता. आतापर्यंत निदान कागदावर तरी अस्पृश्यांच्या बाजूचे असलेले सरकार समोर उभे राहिले असते. आणि तळ्याचा प्रश्न बाजूला पडला असता. २७ डिसेंबरची माघार ही वकिलाने पाहिलेली चाल होती. ती माणसांना किती जड गेली असेल, ह्याची कल्पना करता येते. पण जड जाणारी गोष्ट आणि चुकीची गोष्ट ह्यांत फरक असतो.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याला अपील फेटाळले गेले. मग उच्च न्यायालयात दुसरे अपील. ह्या तारखांच्या शेजारी दुसऱ्या तारखा लिहून पाहाव्यात: नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू, त्याच सालाअखेर पहिली गोलमेज परिषद, सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार, ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याची घोषणा. ह्या सगळ्या काळात महाडचा दावा मागे चालूच होता. लंडनहून परत आलेला माणूस प्रतिवादी म्हणूनच परत येत होता.

ह्या दाव्याचा खरा विषय पाणी आहे असे आपण मानतो. मला तो एका मराठी शब्दाचा खटला वाटतो. तो शब्द म्हणजे ‘पूर्वापार’. मालकीचा मुद्दा पुढे टिकला नाही. तळे नगरपालिकेचे आहे हे उच्च न्यायालयात वादाचे राहिले नाही. भोवती चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, मुसलमानांना पाण्याला मज्जाव नाही, अशा तळ्याला खाजगी म्हणणे अवघडच होते. उरली ती वहिवाट. फिर्यादींचे म्हणणे: अस्पृश्यांनी इथले पाणी भरलेले नाही, हे पूर्वापार आहे. मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द आला की संवाद संपतो. ‘पूर्वापार चालत आलंय’ ह्यावर उत्तर नसते; तो शब्द पुरावा म्हणून उच्चारलाच जात नाही, तो पुराव्याची गरज संपवण्यासाठी उच्चारला जातो. महाडच्या दाव्यात बहुधा पहिल्यांदाच त्या शब्दाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले आणि विचारले गेले: पूर्वापार म्हणजे केव्हापासून? कुणी पाहिले? त्याआधी काय होते?

खालच्या न्यायालयाने प्रथा जुनी आहे हे मान्य केले होते. पण एकाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही, असे म्हटले. हे वाक्य साधे दिसते. त्यात जातिव्यवस्थेच्या एका मोठ्या युक्तीचा मर्मभेद आहे, कारण ‘ते कधी येतच नव्हते’ हे ‘त्यांना येण्याचा अधिकारच नव्हता’ असे वाचणे हीच ती युक्ती. उच्च न्यायालयाने ह्याच्याही मागे जाऊन पाहिले. साक्षीपुरावा फार तर माणसांच्या आठवणीत पोचेल एवढाच जुना होता. त्याआधी, तळे नगरपालिकेकडे येण्यापूर्वी, भोवती स्पृश्यांचीच घरे असताना अस्पृश्यांनी तिथे येण्याचा आणि त्यांना अडवण्याचा प्रसंग किती आला असेल ह्याचीच शंका होती. ज्याला कधी कुणी आव्हान दिले नाही त्या गोष्टीला अनादि कालापासूनचा नियम म्हणता येत नाही. फिर्यादी हरले ते इथे: त्यांचे ‘पूर्वापार’ पुरेसे पूर्व नव्हते.

आता ह्या निकालाची दुसरी बाजू, जी महाडचा गौरव करणारेही सांगत नाहीत. हा निकाल समतेवर आधारलेला नाही. अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून तळे खुले, असे त्यात नाही. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का हे पाहावे लागले असते. ती सिद्धच झाली नाही, म्हणून तो प्रश्न न्यायालयाने उघडाच ठेवला. म्हणजे दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या तळ्यावर, कुणी अधिक जुने कागद आणि अधिक वृद्ध साक्षीदार आणले असते तर? ‘न्यायालयाने तळे खुले केले’ असे उत्साहाने लिहिणाऱ्यांनी ह्या ‘तर’पाशी क्षणभर थांबावे.

निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड, दुसरे एन. जे. वाडिया. ब्रूमफील्ड हे नाव आपल्या विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते, पण वेगळ्या संदर्भात: १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच. त्या खटल्यातले गांधीजींचे निवेदन आणि न्यायाधीशाचे सौजन्यपूर्ण उत्तर पाठ्यपुस्तकांतून, भाषणसंग्रहांतून वाचले जाते; न्यायालयीन गद्याचा नमुना म्हणून त्याचे कौतुक होते. बरोबर पंधरा वर्षांनी, एका दिवसाच्या फरकाने, त्याच माणसाने महाडच्या तळ्याचा निकाल दिला. तो आपण वाचत नाही. पहिल्यात नाट्य आहे, दुसऱ्यात रस्ते, पायऱ्या, घरांच्या मालकीच्या पट्ट्या आणि साक्षीदारांची वये आहेत. आपल्या रुचीला पहिले गद्य वाटते आणि दुसरे दप्तर.

इथे आक्षेप येईल, आणि तो साहित्याच्या प्राध्यापकांकडूनच येईल: निकालपत्र हे साहित्य कसे? ह्या आक्षेपाचे मला नवल वाटते. मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण बखरींच्या शेजारी करीने, महजर, निवाडपत्रे ठेवतो. वतनाच्या भांडणात एखाद्या पाटलाने आपल्या घराण्याची हकीकत सांगितली, तर तिच्यातल्या भाषेचा ठसका आपण वाखाणतो. म्हणजे १८१८ पूर्वीचे दावे वाङ्मयेतिहासात आणि १८१८ नंतरचे अभिलेखागारात, असा हा हिशेब आहे. तो का? निकाल इंग्रजीत आहे म्हणून, असे उत्तर देणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की तेलंगांची गीता कुठल्या भाषेत होती? आणि तिचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात का होतो?

चांगदेव खैरमोड्यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचे खंडामागून खंड मराठीत लिहिले, कागदपत्रांवर जीव टाकून लिहिले. आनंद तेलतुंबड्यांनी अलीकडे, २०१६ साली, महाडवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. साधने नाहीत अशी तक्रार करायला आता जागा नाही. तरीही आपला विद्यार्थी महाडवर लिहितो तेव्हा ‘पाण्याला आग लागली’ ह्या जातीच्या प्रतिमांवर त्याची भिस्त असते. ती प्रतिमा कवीला शोभते, समीक्षकाला नाही. समीक्षकाने निदान आग लागल्यानंतर दहा वर्षे कोण काय करत होते एवढे पाहावे.

वकिली आणि मराठी साहित्य ह्यांचा संबंध दाखवणारा आणखी एक प्रसंग महाडच्या आदल्याच वर्षीचा आहे. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावर पुण्यात बदनामीचा खटला झाला, जवळकर आणि केशवराव जेधे ह्यांना शिक्षा झाली. १९२६ साली त्यांच्या अपिलाचे काम आंबेडकरांनी चालवले आणि ते सुटले. ब्राह्मणेतर चळवळीच्या त्या जळजळीत पुस्तकाची भाषा तुम्हांला आवडो न आवडो, ते लिहिणाऱ्यांचा बचाव करणारा वकील कोण होता हे मराठी पुस्तकांच्या इतिहासात असायला हवे की नको?

पुन्हा निकालाकडे येतो. त्याने उघडा ठेवलेला प्रश्न कुठे मिटला? माझ्या मते संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात. अस्पृश्यता नष्ट करणारा सतरावा अनुच्छेद सर्वांना तोंडपाठ असतो. पंधराव्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ह्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि त्यामागे बोल्यांच्या १९२३ च्या ठरावाचा आवाज ओळखू येतो. तेराव्याकडे कुणी पाहत नाही, कारण तो रुक्ष आहे. त्यात मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे त्या विसंगतीपुरते शून्य ठरवले आहेत. आणि ‘कायदा’ ह्या शब्दात रूढी किंवा परिपाठ ह्यांचाही समावेश केला आहे. म्हणजे कायद्याचे बळ असलेली वहिवाट सिद्ध झाली तरीही, ती कितीही पूर्वापार असली तरीही, समतेच्या आड येईल तेवढी ती शून्य. महाडच्या फिर्यादींनी हजार वर्षांचे साक्षीदार आणले असते तरी १९५० नंतर त्यांचा दावा उभा राहिला नसता. घटना एका माणसाने लिहिली नाही हे मला ठाऊक आहे, आणि तेराव्या अनुच्छेदाचा उगम महाडच्या तळ्यात आहे असा ऐतिहासिक दावा मी करत नाही. मी वाचक म्हणून दोन मजकूर शेजारी ठेवतो आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षाने आयुष्यातली सव्वानऊ वर्षे ‘वहिवाट’ ह्या एका शब्दाविरुद्ध प्रतिवादी म्हणून काढली होती, हे माहीत असलेल्या वाचकाला ती व्याख्या रुक्ष वाटणार नाही.

ह्या परिसराचा लेखनवंश त्याहून जुना आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन परतले आणि त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, ते एकोणिसाव्या शतकातच. विटाळ कशाने होतो, कुणी ठरवला, कुठल्या आधाराने, असे प्रश्न त्यांनी सवर्णांपुढे विनंतीपत्राच्या रूपात ठेवले. महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरिष्ठ जातींनी बहिष्काराची भाषा केली. वलंगकरांचे विनंतीपत्र आणि १९३७ चे निकालपत्र एकापाठोपाठ वाचून पाहावे. प्रश्न तोच आहे: आधार दाखवा. वलंगकरांना उत्तर देण्याचे बंधन कुणावर नव्हते. १९२७ नंतर ते न्यायालयाने फिर्यादींवर घातले. ‘विद्रोह’ ह्या शब्दाखाली दोन्ही मजकूर ढकलून दिले की हा फरक दिसेनासा होतो.

आणि तळ्यापाशीच थांबायचे कारण नाही. सावित्रीचे पाणी महाबळेश्वरावरून पोलादपूरच्या खोऱ्यात उतरते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. त्या खोऱ्यातल्या कुळांपुढे तळ्याइतकाच रोजचा दुसरा प्रश्न होता तो खोताचा. ह्या पट्ट्यात खोती गावे होती. सरकार आणि कसणारा ह्यांच्या मध्ये खोत बसलेला होता, आणि त्याचेही म्हणणे पूर्वापारचेच होते. महाडचा निकाल लागला त्याच्या महिनाभर आधी निवडणुका झाल्या होत्या आणि आंबेडकर आता नियुक्त सभासद राहिले नव्हते, स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले नेते होते. १७ मार्चच्या निकालानंतर बरोबर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी मुंबई विधानसभेच्या पुण्यातील अधिवेशनात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा मुंबई विधिमंडळाने केला तो १९४९ साली. तेव्हा विधेयक मांडणारा दिल्लीत कायदेमंत्री होता, आणि तिथे घटनेच्या मसुद्यावरचे काम संपत आले होते.